डावा दंड

मुरारच्या फॅमिली क्वार्टरमध्ये
तीन ट्रंका अजून उघडल्या नाहीत.
झाकणांवर पांढऱ्या रंगात तुझा नंबर, तुझं नाव,
खोडलेलं बेळगाव, खोडलेलं जोधपूर,
आणि नुकतंच वाळलेलं ग्वाल्हेर.
तू काँगोला निघालास म्हणून आम्ही इथे,
माझ्या माहेरगावी.

मृण्मयीचं लसीचं कार्ड चौथ्या ट्रंकेत सापडलं,
तुझ्या जुन्या टोपीखाली.
तुझी सगळी नोकरी त्यावर आहे:
बीसीजी बेळगावला, तू तेव्हा बर्फात होतास.
गोवर जोधपूरला,
बाहेर वाळूचं वादळ, खिडक्यांना ओले पडदे,
आणि तारीख कुणीतरी पेन्सिलनं घातलेली.
पाच वर्षांचा रकाना कोरा.

तो रकाना बदलीच्या कागदानं खाल्ला.
त्या आठवड्यात मी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

काल रात्री तुझा फोन, दिल्लीहून.
पिवळ्या तापाची सुई घेतली, म्हणालास,
डावा दंड असा जड झालाय की चहाचा मग उचलवत नाही.
मी हसले. अठरा वर्षं रायफल उचललेला हात.
कोऱ्या रकान्याचं मात्र
सांगितलं नाही.

शेजारची बलजिंदर म्हणाली,
एवढी धडधाकट पोर, शाळेत पळायला पहिली,
कशाला रडवतेस?

माझं माहेर लष्कर. वस्तीचंच नाव लष्कर.
आमच्या कुळाच्या वहीत एक रखमाजी आहे, पागेतला स्वार.
एकही लढाई हरला नाही,
कारण लढाईपर्यंत पोचलाच नाही.
छावणीत देवी आल्या,
या तंबूतून त्या तंबूत,
पहारेकऱ्याला परवलीचा शब्द न सांगता.
बायकापोरं मागच्या बैलगाड्यांत होती.
त्यांची नावं वहीत नाहीत,
नुसता आकडा: चार.

आणि तुझ्या बाबांच्या दंडावर देवी टोचल्याच्या
त्या दोन गोल खुणा,
मृणू त्यांना बटणं म्हणते.
छातीवरची पदकं बाबा पेटीत ठेवतात.
बटणं काढता येत नाहीत.

हे सगळं बलजिंदरला सांगायला वेळ नव्हता.
मी रिक्षा थांबवली.

मिलिटरी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सकाळीच लू सुटलेली.
माझ्यापुढे धोब्याची सून, मागे कॅप्टनची बायको
जुळ्यांना दोन काखांत घेऊन.
बर्फाच्या डब्याला हुद्दा कळत नाही.
लेफ्टनंट लालरिनपुईनं कार्ड उलटून पाहिलं.
चुकलं माझं, मी म्हणाले.
ती म्हणाली, उशीर झालाय. चुकलं नाही.
तारीख गेली म्हणून कुणी पहिल्यापासून मोजत नाही,
थांबलात तिथून पुढे चालायचं.

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात.
मृणूनं नावं विचारली, मी सांगितली.
घटसर्प तिला आवडला,
तो घटात राहतो का, म्हणाली.
नाही गं. गळ्यात.
मग ती गप्प बसली
आणि डावी बाही स्वतःच वर केली.

बाबा रडले होते?
मग म्हणाले, मग उचलवत नव्हता म्हणे.
तेवढ्यानं ती इतकी खूश झाली
की रडायचं निम्मंच रडली.

आता रात्र. तिचं अंग थोडं तापलंय,
दंडावर लिंबाएवढी सूज,
सिस्टरनं सांगितलं होतं, होईल आणि जाईल.
मघाशी व्हिडिओवर तुम्ही दोघांनी
आपापला दंड स्क्रीनला लावला.
माझ्या हातात फोन,
फोनमध्ये नुसती कातडी,
तुझी कुठली, तिची कुठली, कळेना.

कोऱ्या रकान्यात आज तारीख आहे. शाईनं.
कार्ड ट्रंकेत ठेवलं नाही,
दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलंय,
घर आवरताना पहिलं हाताला लागेल असं.

खाली अजून एक रकाना आहे: दहा वर्षं.
तेव्हा ट्रंकेवर कुठलं गाव लिहिलेलं असेल
देव जाणे.